उकिडवा बस, आता उभा राहा

गेल्या पावसाळ्यात सोळा वर्षांचा एक कबड्डीपटू स्पर्धेसाठी तंदुरुस्तीचा दाखला घेण्यास दवाखान्यात आला. सोबत वडील होते. त्यांना घाई होती. स्टेथोस्कोप लावला, तेव्हा हृदयाच्या दोन ठोक्यांमध्ये मंद फुसफुस ऐकू आली. हिला मर्मर म्हणतात. मुलांमध्ये ती पुष्कळदा आढळते आणि बहुधा निरुपद्रवी असते. मी त्याला उकिडवे बसविले. आवाज जवळजवळ विरला. उभे केले, आणि तोच आवाज खरखरीत होऊन ठळक झाला.

“डॉक्टर, दाखल्यासाठी उठाबशा कशाला?” वडील हसून म्हणाले.

उकिडवे बसल्यावर पायांतील रक्त हृदयाकडे अधिक परतते आणि रक्तदाबही वाढतो. डावा कप्पा चांगला भरतो. उभे राहताच तो आकसतो. निरुपद्रवी मर्मर अशा वेळी सहसा मंदावते. परंतु हृदयाचा मधला पडदा जाड झालेला असेल, तर आकसलेल्या कप्प्यातून रक्त बाहेर पडण्याची वाट आणखी अरुंद होते आणि आवाज वाढतो. श्वास रोखून कुंथल्यावरही तेच घडते. एका झडपेच्या दोषातही मर्मर उभे राहिल्यावर वाढते, म्हणून केवळ कानावर विसंबून चालत नाही. इको करावाच लागतो.

औषधांचेही असेच आहे. पूर्वी अमाइल नायट्राइट हुंगवून मर्मर कशी बदलते ते ऐकत. छातीत दुखताच शेजाऱ्याच्या डबीतील सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवणारे वाचक माझ्या परिचयाचे आहेत, म्हणून सांगतो: ही गोळी शिरा सैल करून हृदयाकडे परतणारे रक्त घटविते. पडद्याच्या जाडीने वाट अडलेल्या हृदयात त्यामुळे अडथळा वाढतो, आणि रक्तदाब कोसळून रुग्ण बेशुद्धही पडू शकतो. याउलट बीटा ब्लॉकरने ठोके संथ होतात, कप्प्याला भरण्यास वेळ मिळतो व मर्मर सौम्य होते.

“घरात कोणी तरुणपणी अचानक गेले आहे का?” मी विचारले. वडिलांचे हसू मावळले. त्यांचा धाकटा भाऊ अठ्ठाविसाव्या वर्षी धावताना कोसळला होता.

दाखला मी दिला नाही. इकोत पडदा जाड निघाला. हा दोष बहुधा आनुवंशिक असतो. आईवडिलांपैकी एकाकडून प्रत्येक अपत्याकडे येण्याची शक्यता निम्मी. म्हणून वडिलांचा आणि लहान बहिणीचाही इको केला. वडिलांचाही पडदा जाड आहे. बहिणीचा आज ठीक आहे. तरी तिला ठरावीक काळाने पुन्हा तपासावे लागेल. मुलगा मात्र अद्याप माझ्याशी बोलत नाही.