पत्ते खेळावे की रचावे?

पत्त्यांचे नाव काढताच पालकांच्या कपाळी आठ्या पडतात. जुगाराचे भय आम्हांसही आहे. तथापि जो विद्यार्थी संगणकावर पत्त्यांचा खेळ स्वतः रचू पाहतो, त्यास अडवू नये, असे आमचे मत आहे. पिसण्याचेच पाहा. तीन पत्त्यांपैकी प्रत्येक जागेचा पत्ता क्रमाने तिहींपैकी वाटेल त्या पत्त्याशी बदलावा, हा नियम सहज सुचतो. परंतु त्याचे मार्ग २७, पत्त्यांचे क्रम ६. २७ ला ६ ने निःशेष भाग जात नाही, म्हणून काही क्रम अधिक वेळा येतात. १९६४ साली ड्यूरस्टेनफेल्ड ह्यांनी प्रसिद्ध केलेल्या रीतीत एकदा ठरलेली जागा पुन्हा हलवीत नाहीत. मार्ग सहाच उरतात. ही चूक ज्याने स्वतः शोधून सुधारली, तो प्रोग्रॅम लिहिण्यास शिकलाच, शिवाय न्यायाने वाटणेही शिकला.