डॉक्टरची ड्युटी किती तासांची?

ड्युटीचे तास हा रेल्वे कामगारांच्या चळवळीतला सर्वांत जुना प्रश्न. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांचा १९४७ सालचा निवाडा, १९७३ सालचा लोको रनिंग स्टाफचा दहा तासांच्या ड्युटीसाठी झालेला संप, ही नावे आमच्या जुन्या सभासदांना पाठ आहेत. १९८९ च्या रेल्वे कायद्यात कंटिन्युअस कर्मचाऱ्याला आठवड्याला सरासरी ५४ तास आणि इंटेन्सिव्ह कर्मचाऱ्याला ४५ तास ही मर्यादा लिहिलेली आहे. तिची अंमलबजावणी कशी होते हे आम्ही जाणतो. लोको पायलट आजही तासांवर तास खेचला जातो. तरीपण बोट ठेवायला एक कलम आहे आणि भांडायला एक आधार आहे.

आज आम्ही लिहिणार आहोत ते ज्यांच्याकडे असे कलम नाही त्यांच्याविषयी, म्हणजे डॉक्टरांविषयी. काही वाचक म्हणतील, साहेब लोकांची काळजी युनियनने कशाला करायची? कारण सरळ आहे. त्या डॉक्टरच्या टेबलासमोर स्टुलावर बसतो तो आपला सभासद, त्याची बायकामुले आणि आपले पेन्शनर.

सरकारी रुग्णालयाचा गाडा निवासी डॉक्टर ओढतात. एम.बी.बी.एस. झालेला, पुढचे शिक्षण घेणारा पंचवीस-तीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी रात्रीच्या कॅज्युअल्टीत उभी असते. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत लिहिले आहे की सलग ड्युटी साधारणपणे दिवसाला १२ तासांपेक्षा आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त नसावी. कागद उत्तम आहे, पण तो निर्देश आहे, कायदा नव्हे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीत तर आकडाच नाही. 'वाजवी' तास आणि 'वाजवी' विश्रांती एवढेच शब्द आहेत. वाजवी म्हणजे किती, हे वरचा साहेब ठरवणार! आपल्या रोस्टरमध्ये 'वाजवी ड्युटी' असे छापले असते तर आपण ते चालू दिले असते काय?

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टर भगिनीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. ती ३६ तासांच्या ड्युटीवर होती आणि थोडी पाठ टेकायला सेमिनार हॉलमध्ये गेली होती, हे त्या वेळी सर्व वर्तमानपत्रांत आले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन राष्ट्रीय कृती दल नेमले. देशभर सुरक्षेची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण ३६ तासांची ड्युटी मुळात लागतेच कशी, हा प्रश्न मोर्च्यांबरोबरच मागे पडला.

जागरणाने काय होते हे रनिंग स्टाफला सांगायची गरज नाही. तरी एक शास्त्रीय गोष्ट नोंदवतो. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिले की सलग २४ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.१० टक्के दारू असलेल्या माणसाइतकाच मंद होतो. आपल्या देशात गाडी चालवणाऱ्याला ०.०३ टक्के ही मर्यादा आहे. लॉबीत साइन ऑन करताना लोको पायलटला नळीत फुंकावे लागते आणि तो दोषी निघाला तर नोकरीवर येते. ते योग्यच आहे. मग त्या मर्यादेच्या तिप्पट गुंगीत असलेल्या माणसाच्या हाती इंजेक्शनची सुई आणि ऑपरेशनची सुरी आपण कशी काय देतो?

१९८४ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात १८ वर्षांची मुलगी दगावली. तिच्यावर उपचार करणारे शिकाऊ डॉक्टर लांबलचक ड्युटीवर होते. तिच्या वडिलांनी प्रकरण लावून धरले आणि १९८९ साली त्या राज्याने आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. २००३ पासून ती संपूर्ण अमेरिकेत लागू झाली. ८० तास हीसुद्धा काही माणुसकीची मर्यादा नव्हे, पण आकडा ठरला. २००४ साली तिथल्याच अतिदक्षता विभागात झालेल्या अभ्यासात दिसले की जुन्या, लांब पाळ्यांत शिकाऊ डॉक्टरांच्या हातून सुमारे ३६ टक्के जास्त गंभीर चुका होतात. त्या अभ्यासाने पाळ्यांच्या दोन पद्धती शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. त्यामुळे दोष माणसाचा की पाळीचा, याचे उत्तर त्यात मिळाले.

डॉक्टरांच्या या थकव्याला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात. १९७४ साली फ्रॉइडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने गरिबांच्या मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या सेवाभावी लोकांची अवस्था पाहून हा शब्द वापरला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट केले की हा आजार नव्हे, ही कामाच्या ठिकाणी उपजणारी अवस्था आहे. वाफेच्या इंजिनावर काम केलेल्यांना हे एका वाक्यात कळेल. बॉयलरमधले पाणी कमी झाले की फायरबॉक्सच्या माथ्यावरचा लेड प्लग वितळतो. तेव्हा कोणी लेड प्लगला दुबळा म्हणत नाही. पाणी कोणी कमी पडू दिले याची चौकशी होते. डॉक्टर वितळला की मात्र त्याला योगासने आणि समुपदेशनाचे वर्ग सुचवले जातात. योगासने वाईट नाहीत, पण त्यांनी बॉयलरमध्ये पाणी भरत नाही.

मग डॉक्टर काय करतो? जमेल तो वाट बदलतो. कोणी परदेशी जातो, कोणी विमा कंपनीत किंवा औषध कंपनीत बसतो, कोणी स्पर्धा परीक्षा देऊन प्रशासनात शिरतो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मात्र जो जातो त्याची रात्रपाळी जात नाही, ती मागे राहिलेल्याच्या डोक्यावर बसते. आपल्या गँगमधल्या, सॉर्टिंगमधल्या रिकाम्या जागांचा हिशोब हाच आहे. रेल्वेत डॉक्टर कमी पडले तेव्हा सरकारने २०१७ मध्ये निवृत्तीचे वय ६५ केले आणि कंत्राटी डॉक्टर घेणे चालू ठेवले. अनुभवी माणसे टिकली, हे चांगले झाले. पण म्हाताऱ्याची वर्षे वाढवून आणि तरुणाला कंत्राटावर ठेवून कायम पदे भरली जात नाहीत.

आता नव्या यंत्रांकडे वळू. रेल्वे रुग्णालयांत उमीद कार्ड आले, संगणकावर नोंदी आल्या. कागद हरवत नाही, दुसऱ्या विभागात गेलो तरी माहिती मिळते, हा फायदा खरा आहे. पण आमच्याकडे येणारी तक्रारही खरी आहे की 'डॉक्टर मान वर करून बघत नाहीत.' अमेरिकेत २०१६ साली ५७ डॉक्टरांच्या कामाचे निरीक्षण झाले. रुग्णाबरोबरच्या एका तासामागे जवळजवळ दोन तास संगणकात आणि टेबलकामात जात होते, शिवाय रात्री घरी एक-दोन तास वेगळे. आपल्याकडे तर मुळात वेळच नाही. २०१७ साली ६७ देशांच्या आकडेवारीचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात भारतात डॉक्टर रुग्णाला सरासरी दोन-अडीच मिनिटे देतो असे आढळले. त्यातली निम्मी पडद्याकडे पाहण्यात गेली तर नाडी कधी बघायची?

आता कृत्रिम बुद्धिमत्ता येत आहे. डॉक्टर-रुग्णाचे बोलणे ऐकून टिपण आपोआप लिहिणारी यंत्रे परदेशात वापरात आली आहेत. आम्ही यंत्राचे वैरी नाही. वाफेचे इंजिन गेले आणि फायरमनच्या हातचे फावडे सुटले, याचा आम्हाला आनंदच झाला. पण वाचलेले कष्ट विश्रांतीच्या खात्यात जमा झाले नाहीत. गाड्या लांबल्या, वेग वाढला, लिंक आवळल्या गेल्या. पोस्टात संगणक आले, पण काउंटरवरच्या भावाची रांग आखूड झाली का, हे त्यालाच विचारा. म्हणून प्रश्न एकच: यंत्राने वाचवलेला वेळ कोणाचा? टिपण लिहिण्याची पाच मिनिटे वाचली आणि त्या पाच मिनिटांत आणखी दोन रुग्ण बसवले, तर डॉक्टर होता तिथेच राहिला आणि रुग्णही.

तास कमी करण्यावर एक आक्षेप घेतला जातो, तो टाळून चालणार नाही. म्हणतात, पाळी बदलली की रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जातो, त्यात चुका होतात, आणि शिकणाऱ्याचा अनुभवही तुटतो. आक्षेप खोटा नाही. पण यावर उपाय रेल्वेकडेच आहे. स्टेशन मास्तर चार्ज देताना डायरीत लिहितो, घेणारा वाचून सही करतो, मगच खुर्ची सोडतो. गाडी थांबत नाही म्हणून मास्तरला छत्तीस तास बसवून ठेवत नाहीत, रिलीव्हर पाठवतात. रिलीव्हर नसेल तर त्याची भरती करायची असते.

हे जमणारे आहे. जपानने १ एप्रिल २०२४ पासून डॉक्टरांच्या जादा कामाला वर्षाला ९६० तासांची मर्यादा घातली. काही रुग्णालयांना १,८६० तासांपर्यंत सवलत ठेवली, तेवढी पळवाट आहेच. पण त्याच दिवशी, त्याच सुधारणेखाली ट्रक ड्रायव्हरांनाही ९६० तासांचीच मर्यादा लागू झाली. ड्रायव्हर आणि डॉक्टर यांचा थकवा एकच, हे तिथल्या कायद्याने मान्य केले. आपल्याकडे अजून दोघांमध्ये 'साहेब' आणि 'कामगार' अशी भिंत आहे. ती डॉक्टरांनीही सांभाळली आणि आपणही.

बंधू-भगिनींनो, ओपीडीत दोन तास ताटकळल्यावर राग येतो, तो समोर दिसणाऱ्या डॉक्टरवर निघतो. डॉक्टरवर हात उगारणे हा महाराष्ट्रात २०१० पासून वेगळ्या कायद्याने गुन्हा आहे. पण गुन्हा नसता तरी तो चुकीच्या माणसावर काढलेला राग आहे. रिकाम्या जागा त्याने ठेवलेल्या नाहीत.

म्हणून आमचे सांगणे असे. निवासी डॉक्टरांच्या तासांचा आकडा निर्देशात न राहता कायद्यात यावा, ही मागणी आपल्या महासंघाने आपली म्हणून पुढे न्यावी. रेल्वे रुग्णालयांतली डॉक्टर, परिचारिका आणि फार्मासिस्टची रिक्त पदे पीएनएमच्या प्रत्येक बैठकीत विषयपत्रिकेवर यावीत. नवी संगणक यंत्रणा आणताना वाचणारा वेळ रुग्णाला आणि विश्रांतीला मिळेल, असे लेखी घ्यावे. आणि पुढच्या खेपेला मार्डचे किंवा इतर कुठल्याही संघटनेचे डॉक्टर तासांसाठी बाहेर बसले, तर आपल्या शाखेचा एक तरी पदाधिकारी झेंडा घेऊन त्यांच्या मांडवात जाऊन यावा.