तळे सार्वजनिक, दवाखाना कोणाचा?

आरोग्याचा खर्च शासनाने करावा, परंतु सेवा खासगी रुग्णालयांकडून विकत घ्यावी, हा विचार आता इतका रुळला आहे की त्याला हरकत घेणारा भाबडा ठरतो. रुग्णाच्या हाती कार्ड द्यावे, रुग्णालय त्याने निवडावे, हे म्हणणे वरकरणी न्याय्य वाटते. परंतु निवडीसाठी रुग्णालय आधी असावे लागते.

राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये ज्या पहिल्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले आणि २०२३ च्या निर्णयाने तिची मर्यादा दीड लाखावरून ५ लाखांवर गेली. दाखल होऊन करावयाच्या उपचारांना तिचा आधार मोठा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र मधुमेहाची रोजची गोळी तिच्या कक्षेत येत नाही. पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत नफा नाही, म्हणून तेथे खासगी रुग्णालय उभे राहत नाही. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेले, तळियेत दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या. अशा दिवशी जवळचा दवाखाना उपयोगी पडतो. विम्याची रक्कम वाढवून तो उभा राहत नाही.

खासगी डॉक्टर हा येथे शत्रू नव्हे. डॉ. हिंमतराव बावस्करांनी पुढे महाडमध्ये स्वतःचे रुग्णालय चालवले. परंतु विंचूदंशाचा त्यांचा अभ्यास सुरू झाला तो बिरवाडीच्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात. रक्तदाबावरील प्राझोसिन या स्वस्त गोळीने दंशमृत्यूंचे सुमारे ३० टक्क्यांचे प्रमाण १ टक्क्यापर्यंत उतरले. गरिबांच्या अशा आजारावर संशोधन करण्यात कोणत्या बाजाराला रस असणार?

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील शासनाचा वाटा २०१३-१४ मधील २८.६ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ४८ टक्क्यांवर गेला. ही वाढ स्वागतार्ह आहे; तरीही ३९.४ टक्के खर्च लोकांच्या खिशातूनच झाला. २०१७ च्या धोरणाने २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सार्वजनिक खर्चाचे वचन दिले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. तेव्हा प्रश्न रकमेचा आहे तसाच ती कोठे मुरते याचाही आहे.

आपण भाषेचे अभ्यासक आहोत. 'नागरिक' या शब्दाच्या जागी 'लाभार्थी' केव्हा आला, हे आपल्या ध्यानात यायला हवे होते. नागरिकाला हक्क असतो, लाभार्थ्यावर उपकार होतो. महाडला तरी हा भेद समजावून सांगण्याची गरज नसावी. चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारोंसह तळ्यावर जाऊन ते पाणी प्यावे लागले. कागदावरचा हक्क पाण्यापर्यंत पोहोचेपर्यंत अपुराच असतो. कार्डाचेही तसेच आहे. आधी आरोग्य केंद्रांतील रिक्त पदे भरा, औषधे ठेवा, ग्रामीण रुग्णालयात रात्री डॉक्टर असू द्या. उरेल ते खुशाल विकत घ्या.