पहिला युद्धपट स्वतःच तयार करा



गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी डिलाईल रोडवर एका स्नेह्यांकडे गेलो होतो. रस्त्याच्या पाटीवर ना. म. जोशी मार्ग असे नाव आहे. पण चाळीतली मंडळी अजून डिलाईल रोडच म्हणतात. गॅलरीत कॅरमचा बोर्ड मांडलेला होता. मात्र त्यावर सोंगट्या कॅरमच्या नव्हत्या. एक मोठा कागद पसरलेला, त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सहा बाजूंची घरे आखलेली, आणि घरांत जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे ठेवलेले. नववीतली एक मुलगी आणि तिचा शेजारी हमरीतुमरीवर आले होते.

"बाजीप्रभूंच्या सोंगटीवर चार, आणि सिद्दी मसूदच्या सोंगटीवरही चारच? हे कसे चालेल?" मुलगा विचारत होता.

तिने काय उत्तर दिले ते पुढे सांगेनच. तिने मांडलेल्या खेळाला आपण युद्धपट म्हणू. तो प्रत्येक शाळेत निदान एकदा तरी खेळला जावा, आणि पहिला पट दुकानातून न आणता मुलांनी स्वतः तयार करावा, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

लढाई पटावर मांडण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. बुद्धिबळात हत्ती, घोडे, प्यादी सारे आहेत. पण तिथे मारणारा मोहरा नेहमीच यशस्वी होतो. दैवाला जागा नाही. खऱ्या रणांगणावर असे होत नाही. 1812 साली प्रशियातील राइसविट्झ नावाच्या गृहस्थांनी राजासाठी एक युद्धखेळ तयार केला. त्यांच्या मुलाने, जो सैन्यात अधिकारी होता, 1824 साली त्याचे सुधारलेले नियम छापले. त्यात चकमकीचा निकाल फासा टाकून आणि कोष्टक पाहून ठरत असे. पुढे 1954 साली अमेरिकेतील चार्ल्स रॉबर्ट्स यांनी सर्वसामान्यांसाठी असा एक खेळ विक्रीस आणला. त्याचा पट चौकोनी घरांचा होता. 1961 पासून त्यांच्या कंपनीच्या खेळांत सहा बाजूंची घरे आली आणि तीच रीत पडली.

चौकोन सोडून षट्कोन का घेतला? बुद्धिबळाचा राजा सरळ एक घर जातो आणि तिरपाही एकच घर जातो. पण चौकोनाची बाजू 1 असेल, तर तिरपे अंतर पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणे सुमारे 1.41 भरते. म्हणजे तिरपा चालणारा शिपाई फुकटात जवळजवळ दीडपट वाट कापतो! षट्कोनाच्या सहाही शेजारी घरांचे मध्यबिंदू मात्र सारख्याच अंतरावर असतात. एकाच मापाचे सुसम आकार मध्ये फट न ठेवता मांडायचे, तर त्रिकोण, चौकोन आणि षट्कोन हे तीनच आकार चालतात. त्यांतला षट्कोन शेजाऱ्यांच्या बाबतीत सर्वांत न्यायी.

आता साहित्य पाहू. परदेशी युद्धपटांच्या पेट्या महाग असतात, त्यांत शेकडो सोंगट्या असतात, आणि नियमांची जाड पुस्तिका वाचता वाचताच सुट्टी संपते. आपल्याला एक मोठा कागद, पुठ्ठा, पेन्सिल आणि एक फासा पुरे. षट्कोन काढायला कंपासने वर्तुळ काढा आणि तीच त्रिज्या घेऊन परिघावर खुणा करत जा. बरोबर सहा खुणा बसतात. त्या मुलीच्या आजोबांनी तर सोपी युक्ती सांगितली होती. ते गिरणीत फिटर होते. त्यांनी आपल्या पत्र्याच्या डब्यातून एक मोठा नट काढून दिला, आणि तिने तो कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. नट सहा बाजूंचा असतो हे आपण रोज पाहतो. पण त्याचा असा उपयोग कुणाला सुचतो?

विषय म्हणून तिने घोडखिंड निवडली होती, आणि पहिल्या पटासाठी याहून चांगला विषय नाही. 12 जुलै 1660 च्या रात्री शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले. सिद्दी मसूद पाठलागावर होता. महाराज विशाळगडाकडे पुढे गेले आणि बाजीप्रभू देशपांडे मूठभर मावळ्यांसह खिंडीत थांबले. महाराज गडावर पोहोचल्याची खूण म्हणून तोफा होईपर्यंत खिंड धरायची होती. हीच पुढे पावनखिंड म्हणून प्रसिद्ध झाली. इथे शत्रूचा पाडाव करणे हे उद्दिष्टच नाही. फक्त वेळ काढायचा आहे. सैन्य थोडे, जागा लहान, उद्दिष्ट स्वच्छ.

पट असा मांडा. मध्ये ओळीने दोन घरांची खिंड. तिच्या दोन्ही बाजूंची घरे काळी करा. ते डोंगर, तिथे कुणी जायचे नाही. मावळ्यांच्या चार सोंगट्या: एक खिंडीच्या तोंडाशी, तिच्यामागे दुसरी, उरलेल्या दोन खिंडीच्या मागे. पाठलागावरच्या सैन्याच्या बारा सोंगट्या समोर. प्रत्येक सोंगटीचे बळ 4. एका घरात एकच सोंगटी. प्रत्येक फेरीत पाठलागाच्या सोंगट्या दोन घरांपर्यंत सरकतात, आणि मावळ्यांना भिडलेल्या साऱ्या मिळून एक हल्ला करतात. पहिला हल्ला झाला की फेऱ्या मोजायच्या. आठ फेऱ्या खिंड टिकली, तर तोफा झाल्या असे समजा.

हल्ल्याचा निकाल फाशावर. बळ समसमान असेल तर 1 किंवा 2 पडल्यास हल्लेखोराची एक सोंगटी पटाबाहेर जाते. 3 किंवा 4 पडल्यास काहीच होत नाही. 5 किंवा 6 पडल्यास बचाव करणाऱ्याने एक घर माघार घ्यावी, अथवा जागा न सोडता ती सोंगटी गमवावी. सोंगटी गेली की मागची लगेच तिच्या जागी येते. हल्लेखोराचे बळ दुप्पट असेल तर त्याची सोंगटी फक्त 1 ला जाते, 2 आणि 3 ला काही होत नाही, आणि 4, 5, 6 ला बचाव करणाऱ्यापुढे तोच पर्याय येतो. बळ तिप्पट असेल तर 1 ला काही होत नाही. 2 ते 6 पर्यंत तोच पर्याय.

आता खेळण्यापूर्वी जरा गणित करा. खिंडीच्या तोंडाशी समोर एकच घर आहे. समोर बारा सोंगट्या असोत की वीस, भिडते एकच: 4 विरुद्ध 4. मावळे जागा सोडणार नाहीत असे धरले, तर दर फेरीत सोंगटी जाण्याची शक्यता सहापैकी दोन, म्हणजे एक तृतीयांश. चार सोंगट्या सरासरी बारा फेऱ्या पुरतील. आठ फेऱ्या खिंड टिकण्याची शक्यता शंभरात 74 येते. आता डोंगर पुसून टाका. मोकळ्या मैदानात तीच सोंगटी समोरच्या तीन घरांतून घेरली जाते: 12 विरुद्ध 4. सोंगटी जाण्याची शक्यता सहापैकी पाच होते. चार सोंगट्या सरासरी पाच फेऱ्याही पुरत नाहीत, आणि आठ फेऱ्या टिकण्याची शक्यता दोनशे डावांत एखादा इतकीच उरते. माणसे तीच, बळ तेच. बदलली फक्त जमीन. बाजीप्रभूंनी जागा किती नेमकी निवडली होती, हे वर्णन वाचून जेवढे कळते त्याहून अधिक या दोन आकड्यांवरून कळते.

आता त्या मुलीच्या उत्तराकडे येऊ. ती म्हणाली, "चार हा आकडा माणसांचा आहे. मावळ्याचा हात आणि मसूदच्या शिपायाचा हात सारखाच दुखतो. बाजीप्रभूंचे वेगळेपण आकड्यात नाही, नियमात आहे. पाच-सहा पडल्यावर माघार घ्यायची मोकळीक असून ते घेत नाहीत."

मुलगा गप्प झाला, आणि खरे सांगायचे तर मीही. आपण 'पराक्रम' हा शब्द इतक्या सहज वापरतो की त्याची किंमत कुणी चुकवली हे विसरतो. पट ते विसरू देत नाही. परंपरेने खिंडीतल्या मावळ्यांची संख्या तीनशेच्या आसपास सांगतात. म्हणजे एका सोंगटीमागे 75 माणसे. दर वेळी माघार नाकारली की एक सोंगटी डबीत जाते. जिंकलेल्या डावातही सरासरी दोन सोंगट्या जातात. दीडशे घरे! प्रत्येक सोंगटीच्या मागे 75 हा आकडा लिहून ठेवा, आणि डाव संपल्यावर दोन्ही बाजूंच्या डब्या उघडून मोजा. पटावर जिंकलो तरी ही बेरीज करावीच लागते.

"मुलांच्या हाती लढाईचा खेळ द्यावा का?" असे पालक विचारतात. शंका रास्त आहे. पण मुलांच्या हाती लढाई आधीच आलेली असते: सिनेमात, मोबाइलच्या पडद्यावर, जिथे मेलेला शिपाई क्षणात पुन्हा उठतो आणि कुणालाच हिशेब द्यावा लागत नाही. पुठ्ठ्याच्या सोंगटीला असे उठता येत नाही. शिवाय समोर माणूस बसलेला असतो, नियम दोघांनी मिळून पाळायचे असतात, आणि भांडण झाले तर ते बोलूनच मिटवावे लागते.

दुसरा आक्षेप शिक्षकांकडून येतो: "हा इतिहास नव्हे. ही तुमची मनाची कोष्टके." अगदी बरोबर! वरचे कोष्टक मीच ठरवले आहे. म्हणूनच ते तुम्ही बदलून पाहावे. माझ्या पटात काय काय नाही ते पाहा: पाऊस नाही, चिखल नाही, रात्रभर धावून आलेला थकवा नाही. हल्लेखोरांच्या मागे ताज्या दमाची फळी उभी असेल, तर सहाव्या फेरीतले मावळ्यांचे 4 खरोखर 4 राहतील का? मग चौथ्या फेरीपासून बळ 3 धरा आणि पुन्हा खेळा. विज्ञानात याला प्रतिमान म्हणतात. हवामानाचा अंदाज असो की साथीच्या रोगाचा, शास्त्रज्ञ हेच करतात: काही गोष्टी घेतात, काही सोडतात, आणि निकाल वस्तुस्थितीशी ताडून पाहतात. तयार पेटीतला खेळ खेळताना दुसऱ्याची गृहीतके आपण न कळत गिळतो. स्वतःच्या पटात मात्र प्रत्येक आकड्याला "का?" विचारावे लागते. पहिला पट स्वतः करावा, हा माझा आग्रह यासाठीच.

एक पथ्य मात्र पाळा: पडलेला फासा बदलायचा नाही. मे 1942 मध्ये जपानी आरमाराने मिडवे बेटावरच्या नियोजित हल्ल्याची पटावर रंगीत तालीम केली. तीत पंचाच्या निकालाने त्यांचीच विमानवाहू जहाजे बुडाली. वरिष्ठ अधिकारी उगाकी यांनी बॉम्बची संख्या कमी करायला लावली आणि एक जहाज वाचवले. बुडालेले दुसरे जहाजही पुढच्या डावात पुन्हा हजर झाले. ही हकिकत जपानी अधिकाऱ्यांनीच पुढे लिहिली. महिन्याभरात खरी लढाई झाली, आणि तीत जपानची चार विमानवाहू जहाजे गेली. एखादा निकाल आवडला नाही, तर डाव संपू द्या, तो वहीत टिपा, आणि नियम चुकला आहे का ते नंतर तपासा. प्रयोगवहीचा नियम तोच आहे.

तेव्हा मित्रांनो, येत्या रविवारी एवढे करा. खिंडीचे वीस डाव आणि मैदानाचे वीस डाव खेळा. दर डावात किती फेऱ्या टिकल्या ते दोन रकान्यांत लिहा आणि सरासरी काढा. माझ्या गणिताशी ती जुळते का ते पाहा. वीस डावांत तंतोतंत जुळणार नाही, आणि का जुळत नाही हाही प्रश्न गणिताच्या शिक्षकांना विचारण्याजोगा आहे. मग इतिहासाच्या शिक्षकांकडे जाऊन विचारा, की कोष्टकातला कोणता आकडा त्यांना पटत नाही.

डिलाईल रोडच्या त्या गॅलरीत मी निघालो तेव्हा सातवी फेरी चालू होती. खिंडीत शेवटची सोंगटी उभी होती. मुलाने फासा हातात घेतला, बराच वेळ खुळखुळवला, आणि टाकण्यापूर्वी म्हणाला, "माघार घेणार?"

"नाही," ती म्हणाली. "टाक."