'मेंटल' : एक शब्द, दोन खाती

दाढेच्या दुखण्यासाठी जबड्याचा पूर्ण एक्स-रे काढला जातो. त्याला दवाखान्यात 'ओपीजी' म्हणतात. त्याच्या अहवालात 'मेंटल फोरामेन' किंवा 'मेंटल नर्व्ह' असे शब्द आले, की वाचणाऱ्याचा चेहरा उतरतो. दाढ दाखवायला गेलेल्या माणसाच्या कागदावर 'मेंटल' कशासाठी? अहवाल घरातील मुलीचा असेल आणि तिच्या लग्नाची बोलणी चालू असतील, तर तो कागद कपाटात अगदी खाली जातो. वस्तुतः त्या कागदाचा मनाशी सुतराम संबंध नसतो.

पेढीवर एकाच नावाचे दोन खातेदार असले, की वडिलांचे नाव व गाव पाहिल्यावाचून कोणी रक्कम जमा करीत नाही. वैद्यकातील 'मेंटल' हा तसाच प्रकार आहे. लॅटिन भाषेत 'मेन्स' म्हणजे मन आणि 'मेंटम' म्हणजे हनुवटी. दोन्ही शब्दांपासून बनलेले विशेषण मात्र एकच, 'मेंटालिस', आणि इंग्रजीत त्याचे 'मेंटल' झाले. 'मेन्स' हा आपल्या 'मनस्'चा दूरचा भाऊबंद. 'मती' आणि 'मंत्र' हे शब्दही त्याच कुळातले. 'मेंटम'च्या मुळाशी मात्र पुढे येण्याचा, उंचावण्याचा अर्थ आहे.

हनुवटीच्या खात्यात बरेच काही जमा आहे. खालच्या जबड्याच्या हाडात दोन्ही बाजूंना, साधारणपणे उपदाढांच्या खाली, एकेक लहान छिद्र असते. ते मेंटल फोरामेन. त्यातून बाहेर पडून हनुवटी, खालचा ओठ व पुढच्या हिरड्या यांना संवेदना पुरविणारा मज्जातंतू म्हणजे मेंटल नर्व्ह. एक्स-रेमध्ये हे छिद्र काळसर ठिपक्यासारखे दिसते आणि कधी कधी दाताच्या मुळाशी झालेल्या विकाराचा भास निर्माण करते. म्हणून अहवालात त्याची नोंद करावी लागते. कृत्रिम दात हाडात बसविताना डॉक्टर या छिद्रापासूनचे अंतर मोजून घेतात, कारण तंतूला इजा झाल्यास ओठ व हनुवटी बधिर राहू शकतात. 'सबमेंटल' म्हणजे हनुवटीखालचा, 'मेंटॅलिस' म्हणजे हनुवटीचा स्नायू. प्रसूतिगृहातील कागदावर 'मेंटो-पोस्टिरिअर' असे लिहिले असेल, तर गर्भाचा चेहरा पुढे आला असून त्याची हनुवटी आईच्या पाठीकडे आहे, एवढाच त्याचा अर्थ. बाळ त्याच स्थितीत राहिले तर बहुधा शस्त्रक्रियेने प्रसूती करावी लागते. बाळाच्या बुद्धीविषयी तो शब्द काहीही सांगत नाही.

एक गोष्ट मात्र येथे थांबून ध्यानात घ्यावी. दाताचे काही काम झालेले नाही, मार लागलेला नाही, आणि तरीही हनुवटीचा एक भाग किंवा खालचा ओठ बधिर झाला आहे, असे असल्यास त्याकडे दुर्लक्ष करू नये. दंतविकारातूनही असे होते. परंतु क्वचित शरीरात अन्यत्र असलेल्या कर्करोगाची, विशेषतः स्तनाच्या किंवा लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची, ती खूण असू शकते. अशा वेळी 'मेंटल न्यूरोपॅथी' हा शब्द लाजेने दडवून ठेवणे जिवावर बेतू शकते.

ग्रीकांनी हनुवटीला वेगळा शब्द दिला. त्यावरून हनुवटीच्या शस्त्रक्रियेला 'जेनिओप्लास्टी' म्हणतात. जबड्याच्या आतील उंचवट्यांना 'जीनिअल' म्हणतात. त्याचा आनंदी स्वभावाशी संबंध नाही. हा ग्रीक शब्द आणि आपला 'हनु' एकाच घराण्यातले, आणि 'हनु'वरूनच हनुवटी. हनुमंताच्या नावाची जबड्यावरून लावलेली व्युत्पत्ती सर्वांना ठाऊक आहे. जैन रामकथेत मात्र हनुरुह येथे वाढल्यामुळे त्याला ते नाव मिळाले, असे सांगितले आहे.

गोंधळ करणारा शब्द हा एकटाच नव्हे. ग्रीक 'फ्रेन' म्हणजे छाती व पोट यांमधला पडदा, आणि मनही. कारण प्राचीन ग्रीक मनाचे स्थान तेथे मानीत. म्हणून श्वासपटलाचा मज्जातंतू 'फ्रेनिक', आणि मनाचा एक गंभीर आजार 'स्किझोफ्रेनिया'.

आता दुसरे खाते. हनुवटीचा कागद दडविणे हसण्यावारी नेता येईल. मनाच्या आजाराचा कागद दडविणे महागात पडते. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराच्या उपचारासाठीही शारीरिक आजाराच्या धर्तीवरच विम्याची सोय करावी, असे त्याच्या कलम 21 मध्ये सांगितले आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विमा नियामकाने कंपन्यांना तशी सूचना दिली. असे असूनही कित्येक घरांत प्रस्तावपत्रातील त्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिले जाते, चालू असलेल्या गोळ्यांचा उल्लेख टाळला जातो, आणि दावा करण्याची वेळ आली की माहिती लपविल्याच्या कारणावरून तो अडतो. कायद्याने दिलेला लाभ आपणच घालवायचा, यात व्यवहार कोणता?

लोक काय म्हणतील, ही भीती याच्या मुळाशी असते. 'मेंटल' हा शब्द रस्त्यावर शिवीसारखा वापरला जातो, म्हणून तो घरात नको असतो. पण मन-वचन-काया यांचा एकत्र उच्चार करणाऱ्या परंपरेत द्रव्यमन हे पौद्गलिकच मानले आहे. शरीराच्या पुद्गलात बिघाड झाला तर वैद्याकडे जाण्यात कमीपणा नाही, मग मनाच्या बाबतीतच तो कोठून येतो?

अहवाल हाती आल्यावर प्रथम पाहावे, की 'मेंटल' या शब्दानंतर काय लिहिले आहे. पुढे नर्व्ह, फोरामेन किंवा ब्लॉक असेल तर तो हनुवटीचा. पुढे हेल्थ, डिसऑर्डर किंवा इलनेस असेल तर तो मनाचा. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञ आहेत, आणि केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली 'टेलि-मानस' सेवा 14416 या क्रमांकावर विनाशुल्क उपलब्ध आहे. दोन्ही प्रकारचे कागद विम्याच्या फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवावेत.