खाणीतली सारा आणि आपल्या वर्गातली रिकामी जागा



बालमजुरीचा पाठ आला की आपण फळ्यावर कायदे आणि सन लिहून देतो. मुलं पाठ करतात, विषय संपतो. या वेळी आधी सारा गूडरची गोष्ट सांगून बघा.

सारा इंग्लंडमधल्या यॉर्कशायरची. वय वर्षे आठ, म्हणजे आपल्या तिसरीतल्या मुलीएवढी. पहाटे चारला ती कोळशाच्या खाणीत उतरायची, ती संध्याकाळी पाचनंतरच वर यायची. काम काय, तर कोळशाची गाडी आली की दार उघडायचं आणि गेली की लावायचं. खाणीत हवा खेळती राहावी म्हणून ही दारं असत. बाकी वेळ अंधारात एकटीनं बसायचं. उजेड असला तर ती गाणं म्हणायची, अंधारात मात्र तिला भीती वाटायची. हे तिनं स्वतः सरकारी चौकशीत सांगितलं. तिच्याहून मोठ्या मुली कोळशाच्या गाड्या ओढायच्या.

1838 मध्ये त्याच भागातल्या हस्कर खाणीत वादळी पावसात ओढ्याचं पाणी घुसलं. 26 मुलं बुडून मेली, त्यात 11 मुली होत्या. 1840 मध्ये चौकशी आयोग नेमला गेला आणि 1842 च्या कायद्यानं सगळ्या स्त्रिया, मुली आणि 10 वर्षांखालच्या मुलग्यांना जमिनीखाली काम करायला बंदी झाली.

इथपर्यंत आपण शिकवतो. पण पुढचा प्रश्न मुलांना विचारा: खाणीतून बाहेर आलेली सारा दुसऱ्या दिवशी कुठे गेली असेल?

कारण कायद्यानं काम काढून घेतलं, पण घरातली बुडालेली मजुरी भरून दिली नाही. कित्येक बायका-मुली खाणीच्या तोंडाशी कोळसा निवडायला लागल्या. आणि शाळा? इंग्लंडमध्ये 5 ते 10 वर्षांच्या मुलांना शाळेत जाणं सक्तीचं झालं ते 1880 मध्ये. म्हणजे तब्बल 38 वर्षांनी!

माझं म्हणणं एवढंच आहे, की मुलीला कामावरून सोडवणं हे निम्मं काम. तिला वर्गात बसवणं आणि टिकवणं हे उरलेलं निम्मं, आणि ते आपलं आहे. आपल्याकडे 2009 पासून शिक्षणहक्काचा कायदा आहे. तरीही दगडखाणीवर, वीटभट्टीवर गेलेल्या घरातल्या मुलीचं नाव हजेरीत असतं आणि जागा रिकामी असते.

हजेरी घेताना नुसतं 'गैरहजर' लिहून पुढे जाऊ नका. ती कुठे आहे, विचारा. पालकहो, तुमच्या शेजारची मुलगी शाळेत दिसत नसेल तर आम्हाला येऊन सांगा. 38 वर्षं वाट बघायची वेळ तिच्यावर येऊ नये.