मध्यम किमतीची दुर्बीण आणि तिसऱ्याचे नुकसान

शिकारीच्या रायफलीवर बसवायची दुर्बीण कोणत्या किमतीची घ्यावी, हा प्रशासनविषयक लेखाचा विषय होऊ शकेल असे सहसा कोणाला वाटणार नाही. परंतु कॅनडात स्थायिक झालेल्या एका मराठी वाचकाने तो मला पत्राने विचारला. तिकडे परवाना काढून हरणाची शिकार करणे कायदेशीर आहे आणि त्यांनी ती नुकतीच सुरू केली आहे. ‘फार स्वस्त नको, फार महाग परवडत नाही, मधले काय घ्यावे?’ असा त्यांचा प्रश्न. मी शस्त्रतज्ज्ञ नाही. अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि सरकारी खरेदीच्या फायलींवर अनेक वर्षे टिपणे लिहिलेला एक केंद्रीय अधिकारी, एवढीच माझी पात्रता. तरीही त्या प्रश्नातील ‘मधले’ या शब्दाने मला विचारात पाडले, कारण आपल्या प्रशासनालाही नेमके तेच शोधता येत नाही.

प्रथम कायद्याविषयी. भारतात हौसेखातर शिकार करता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने तिला आळा घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली वाटही जवळपास बंद केली. आज अपवाद आहे तो प्रामुख्याने कलम ११ चा. दुसऱ्या अनुसूचीतील प्राणी मनुष्याच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाला, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि नीलगाय याच अनुसूचीत आहेत. म्हणजे परदेशातील वाचकाला जो छंदाचा प्रश्न आहे, तोच महाकोशलात आणि विदर्भात शेतीचा व शासनाचा प्रश्न आहे.

सध्या माझा मुक्काम जबलपुरात आहे. १९५६ पर्यंत हे शहर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, हे नव्या पिढीतील मराठी वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाची आठवण म्हणून उभारलेले कमानिया गेट हे येथील जुन्या बाजारपेठेचे नाक. त्या कमानीच्या दोन्ही अंगांना सराफ्यापासून कापडापर्यंतची दुकाने आहेत, आणि ‘मधले’ कसे विकले जाते हे पाहायचे असेल तर तेथे अर्धा तास उभे राहावे. कसबी दुकानदार गिऱ्हाइकासमोर नेहमी तीन नग ठेवतो. पहिला उघडच हलका, तिसरा आवाक्याबाहेरचा. गिऱ्हाइकाचा हात आपोआप दुसऱ्यावर जातो. इटामार सायमनसन या अभ्यासकाने १९८९ मध्ये याच प्रवृत्तीची शास्त्रीय मांडणी केली. पण आपल्या व्यापाऱ्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. यातील ग्यानबाची मेख अशी की, मधल्या नगाची किंमत मधली असते ती शेजारच्या दोन नगांमुळे. तुमच्या गरजेशी तिचा काही संबंध नसतो. दुकानदाराने तिसरा नग बदलला की तुमचे ‘मधले’ही बदलते.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की, किमतीपासून सुरुवात करूच नये. काम काय आहे ते आधी लिहून काढावे. शेताच्या बांधावरून किंवा मचाणावरून, संध्याकाळच्या उतरत्या प्रकाशात, पन्नास ते शंभर मीटरवरचे जनावर. किंवा रानाच्या कडेने दीडदोनशे मीटरवरचे हरीण. बहुतेक शिकाऱ्यांचे काम एवढेच असते. या कामाला तीन ते नऊ पट मोठे दाखवणारी, चाळीस मिलिमीटर व्यासाच्या पुढच्या भिंगाची साधी दुर्बीण पुरते. जवळच्या झाडीत तर तीनपटच कामी येते, कारण पट जितकी वाढवावी तितका दिसणारा परिसर आखडतो आणि जनावर शोधण्यातच वेळ जातो.

आता जास्तीच्या पैशात काय मिळते ते पाहू. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या गोलाचा व्यास मिळतो. चाळीसला नऊने भागले तर सुमारे साडेचार मिलिमीटर. सहाने भागले तर साडेसहाहून थोडा अधिक. तरुण माणसाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते. पन्नाशी ओलांडलेल्याची साधारण पाच. म्हणजे माझ्या वयाच्या शिकाऱ्याने छप्पन्न मिलिमीटरचे भिंग घेऊन ते आठपटीवर लावले, तर सात मिलिमीटरच्या त्या गोलातील बराचसा प्रकाश बाहुलीच्या बाहेरच पडणार. पैसे मात्र पूर्ण मोजलेले असतात, वजनही पूर्ण उचललेले असते.

याउलट भिंगावरील लेप ही खर्च करण्यासारखी गोष्ट आहे. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. दुर्बिणीत असे चौदा पृष्ठभाग धरले, तर शेवटी निम्म्याहून थोडाच अधिक प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतो. चांगल्या बहुस्तरीय लेपाने प्रत्येक ठिकाणची गळती अर्ध्या टक्क्यावर आणली, तर त्याच चौदा पृष्ठभागांतून सुमारे त्र्याण्णव टक्के पार होतो. स्वस्त आणि मध्यम यांतील हा फरक संध्याकाळी डोळ्याला जाणवतो. मध्यम आणि अतिमहाग यांतील फरक मात्र पुढच्या दोनतीन टक्क्यांचा असतो. घटत्या सीमांत उपयोगितेचे याहून स्वच्छ उदाहरण मला वर्गातही शिकवले गेले नव्हते.

दुसरी खर्च करण्यासारखी गोष्ट बाहेरून दिसत नाही. ती म्हणजे नेम जुळवण्याच्या चकत्यांची अचूकता, आणि रायफलीच्या दणक्यानंतरही जुळवलेला नेम जागेवर राहणे. बहुतेक शिकारी दुर्बिणींत चकतीच्या एका टिचकीने शंभर मीटरवर नेम सुमारे सात मिलिमीटर सरकतो. चाचणी सोपी आहे: नेमबाजीच्या मैदानावर वीस टिचक्या उजवीकडे, वीस वर, वीस डावीकडे आणि वीस खाली फिरवून दर वेळी गोळी झाडावी; शेवटची गोळी पहिल्या छिद्राजवळ आली पाहिजे. तसेच डोळा आणि मागचे भिंग यांत नऊ सेंटिमीटरच्या आसपास अंतर राहील असे पाहावे, नाही तर दणका कपाळावर बसतो. नळीत नायट्रोजन भरून ती हवाबंद केलेली असावी. ती गळकी असेल तर थंडीत काचेच्या आतून वाफ धरते. आणि दुर्बीण रायफलीला धरून ठेवणाऱ्या कड्यांवर कंजुषी करू नये. तीस मिलिमीटरची जाड नळी अधिक प्रकाश देते, हा समज मात्र चुकीचा आहे. तिच्यामुळे नेम सरकवण्यास अधिक वाव मिळतो, एवढेच.

हे गुण दुकानाच्या काउंटरवर दिसत नाहीत, आणि मालाचा आतला दर्जा गिऱ्हाइकाला कळत नसला की बाजारात काय होते, ते जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवले: चांगल्या मालाला भाव मिळेनासा होतो आणि वाईट माल टिकतो. आजन्म हमी हा त्यावरचा एक उपाय आहे. ती देणारा उत्पादक आपल्या मालावर पैज लावत असतो. पण हमी दुर्बीण बदलून देईल. चुकलेली गोळी परत देणार नाही.

येथे मी मूळ मुद्द्याशी येतो. नेम हललेल्या दुर्बिणीचे नुकसान कोणाला सोसावे लागते? घेणाऱ्याला नव्हे. त्याचा फक्त एक दिवस वाया जातो. पोटात किंवा पायात गोळी लागलेले जनावर झाडीत शिरते आणि कित्येक तास तडफडते. रानडुक्कर असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच झाडीजवळ तूर कापायला जाणाऱ्या मजूर बाईच्या अंगावर ते धावून येते. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात: सौदा दोघांचा आणि भरपाई तिसऱ्याची. अशा वस्तूची योग्य किंमत गिऱ्हाइकाची ऐपत आणि दुकानदाराचा नफा यांच्या मधोमध नसते. तिसऱ्याचे नुकसान टळेल इतकी अचूकता ज्या किमतीत मिळू लागते, ती तिची किमान पातळी. आणि जेथून पुढचा पैसा केवळ मिरवण्यासाठी लागतो, ती कमाल. या दोहोंच्या दरम्यानचे ते खरे मध्यम. अमेरिकेच्या बाजारात आज ते साधारण ३०० ते ७०० डॉलरांच्या पट्ट्यात सापडते. पण आकडा हा निष्कर्ष आहे, सुरुवात नव्हे.

सरकारी खरेदीत आपण हीच सुरुवात चुकवतो. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम १४४ सांगतो की वस्तूचे तपशील गरज भागवणारे असावेत आणि त्यांत अनावश्यक वैशिष्ट्ये घालून खर्च वाढवू नये. नियम २१ सांगतो की सामान्य शहाणा माणूस स्वतःचा पैसा जसा जपून खर्च करतो तसा सरकारी पैसा खर्च करावा. दोन्ही नियम उत्तम आहेत. व्यवहारात मात्र तपशील लिहिणारा अधिकारी पुढे कोणी बोट दाखवू नये म्हणून जगातील सर्वोत्तम गुणांची यादी करतो, किंवा तपशील मोघम ठेवून सर्वांत कमी निविदेच्या आड सुरक्षित बसतो. पहिल्या मार्गाने पैसा वाया जातो, दुसऱ्या मार्गाने काम. ‘एवढे पुरेसे, आणि ते या कारणाने’ अशी एक ओळ टिपणात लिहिण्यास धैर्य लागते, कारण त्या ओळीखाली सही आपली असते.

२०१६ मध्ये बिहारमध्ये मोकामा येथे दोनशेहून अधिक नीलगाई मारल्या गेल्या, तेव्हा तत्कालीन पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर आणि मंत्रिमंडळातील त्यांच्या सहकारी मेनका गांधी यांच्यात जाहीर वाद झाला. मारावे की मारू नये, यावर पुष्कळ लिहिले गेले. मारण्याची परवानगी दिलीच तर ती कोणत्या हत्याराने, किती अंतरावरून आणि कोणती परीक्षा दिलेल्या माणसाने अमलात आणावी, याची चर्चा माझ्या वाचनात आली नाही. २०२२ मध्ये केरळने पिकांचा नाश करणाऱ्या रानडुकरांबाबत असे आदेश देण्याचा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांपर्यंत नेला. निर्णय शेताच्या जवळ आला, हे स्वागतार्ह आहे. पण अधिकार खाली गेला की मापदंडही त्याच्याबरोबर खाली गेला पाहिजे.

आपल्या शेतकऱ्याकडे असते काय? १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीकसंरक्षणासाठी उल्लेख आहे तो ठासणीच्या बंदुकीचा. थोड्यांकडे ईशापूरच्या कारखान्याची ३१५ बोअरची रायफल असते. तिची काडतुसे ‘केएफ’ शिक्क्याची, म्हणजे आपल्या खडकीची. तिला उघड्या पट्टीचा नेम असतो. मावळत्या उजेडात अशा हत्याराने जनावर जागीच पडेल याची खात्री नसते. म्हणून माझी सूचना अशी की, कलम ११ खालील प्रत्येक परवानगीत तीन अटी असाव्यात: नेमबाजाची मैदानावरील वार्षिक चाचणी, त्याच्या रायफलीचा आणि दुर्बिणीचा नेम जुळवल्याची नोंद, आणि जखमी जनावराचा माग काढण्याची जबाबदारी कोणाची याचा नावानिशी उल्लेख. जर्मनीत शिकारीचा परवाना कठीण परीक्षेनंतरच मिळतो. जबलपुरात १९०४ पासून तोफगाड्यांचा कारखाना आहे; धातूच्या भागात केसाएवढी चूक किती महाग पडते हे येथील कामगार जाणतात. मैदान, माणसे आणि मोजमापाची सवय या तिन्ही गोष्टी आपल्याकडे आहेत. नियम तेवढा लिहायचा आहे.

कॅनडातील वाचकांना मी एवढेच कळवले आहे: ठरवलेल्या रकमेतून आधी कडी आणि सरावाची काडतुसे यांचा खर्च बाजूला काढा, उरलेल्या रकमेत लेप चांगला, नेम टिकाऊ आणि पट कमी असलेली दुर्बीण घ्या, आणि मैदानावर ज्या अंतरावरून दहापैकी दहा गोळ्या हाताच्या पंजाएवढ्या जागेत लागतात, त्याच्या पलीकडच्या जनावरावर घोडा दाबू नका. ही शेवटची मर्यादा दुकानात विकत मिळत नाही.